काशिरामशेठचा शेला

१

“हा तो शेला नव्हे.”

माझी बायको मनिषा हे म्हणाली तेव्हा आम्ही काशिरामशेठ पटवेकरांच्या बंगल्यात, काचेच्या कपाटासमोर उभे होतो. मागे ही रांग. रांगेतून कुणीतरी म्हणालं, काकू, पुढे सरका. काकू सरकल्या नाहीत. कपाळ काचेला टेकेल इतक्या वाकल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

मी तुळशीराम घरत. एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. माणूस खिसे चाचपायला लागला की तो खोटं बोलतोय हे मला कळतं, आणि नाही चाचपले तरी मला तसंच वाटतं. मनिषा म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोज तपासणी. तिचं स्वतःचं साड्यांना रोल पॉलिश करायचं दुकान आहे. पनवेलमधल्या निम्म्या लग्नांच्या साड्या तिच्या हाताखालून गेल्यात. तीन वर्षांपूर्वी इथला खरा शेला पॉलिशसाठी तिच्याकडे आला होता. तिनं तो तासभर हातात धरून पाहिला आणि परत पाठवला. म्हणाली, याला माझं यंत्र सोसायचं नाही. तेव्हा ती जे म्हणत होती ते उगाच नव्हतं.

पनवेलच्या खाडीत गलबतं लागत त्या काळात काशिरामशेठ रेशमाचा व्यापार करायचे. माल घाटावर जायचा आणि मिळकत भिंतींवर चढायची. तैलचित्रं, काचेवरची चित्रं, चिनी बरण्या. या बंगल्यात जेवायच्या खोलीतसुद्धा मोकळी भिंत सापडत नाही. शेठ गेल्यावर घरच्यांनी ट्रस्ट करून बंगल्याचं संग्रहालय केलं. चित्रं वर्षभर बघायला मिळतात. शेठनी बायकोसाठी विणून घेतलेला, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या जरीचा, पदरावर मोर असलेला शेला मात्र दसऱ्यानंतरचे तीनच दिवस बाहेर निघतो. आजचा पहिला दिवस होता.

गडबड ऐकून व्यवस्थापक आले. सत्यजीत नाव. चाळिशीचे, खादीचा झब्बा, गळ्यात दोरीला भिंग. मोठमोठ्या संग्रहालयांत काम करून चार वर्षांपूर्वी इथे आले होते. ते कपाटापासून तीन हातांवर थांबले, हात पाठीमागे बांधले, दोन क्षण पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई बरोबर बोलतायत,” ते म्हणाले. “जरीची तार नवी आहे. पिवळा रंग सगळीकडे एकसारखा. जुन्या जरीत झिजेवर चांदी दिसते, इथे कुठेच दिसत नाही. ही नक्कल आहे.”

दारं बंद झाली. लोकांना पैसे परत देऊन बाहेर काढलं. आम्हाला ठेवून घेतलं, कारण चोरी पहिल्यांदा मनिषाला दिसली होती. शेठचा नातू आणि ट्रस्टचा प्रमुख परेश पटवेकर खुर्चीत मटकन बसला.

सत्यजीतनी घडलं ते सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या पेटीला दोन कुलपं. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी परेशकडे. काल संध्याकाळी दोघांनी पेटी उघडली. परेश फोनवर बोलत सज्जात गेले तेव्हा सत्यजीतनी शेला टेबलावर घेऊन भिंगाखाली पाहिला. अस्सल होता. तसं टिपण करून सही केली आणि शेला पुन्हा पेटीत ठेवला. आज सकाळी दोघांनीच कुलपं उघडली. शेल्याचं गाठोडं बंगल्यात झाडलोट करणाऱ्या मैनाच्या हातात दिलं, मागच्या पडवीत दहा मिनिटं वारा लागू दे म्हणून सांगितलं. तिनं तिथून तो थेट कपाटात लावला.

म्हणजे काल रात्रीपर्यंत खरा, आज सकाळी खोटा, आणि मधली दहा मिनिटं फक्त मैनाजवळ. मैना जिन्याजवळ उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“तिची पिशवी बघा,” कुणीतरी म्हणालं. ते मीच होतो.

२

पिशवीत डबा निघाला, पाण्याची बाटली निघाली, जुना फोन आणि खोकल्याचं औषध. शेला नव्हता. एवढा जरीचा शेला, तो काय डब्यात मावणार? तरी मी डबा उघडून पाहिला. सवय.

मैना वाघे चाळिशीची असेल. आपटा गावाच्या अलीकडच्या कातकरवाडीवरची. तिची आई याच बंगल्यात झाडलोट करायची, आईमागून ही. सत्यजीत म्हणाले, मागची भिंत बुटकी आहे, पलीकडे कुणी उभं असेल तर गाठोडं द्यायला किती वेळ लागतो. मलाही ते पटलं. अर्ध्या तासात पोलीस आले. फौजदारबाई तरुण होत्या, सगळं लिहून घेत होत्या. त्यांनी एक जीप मैनाच्या घराच्या झडतीला वाडीवर पाठवली आणि मैनाला एका स्टुलावर बसवून ठेवलं. जीप परत आली की तिला ठाण्यात नेणार होते.

ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण रडणाऱ्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. मनिषा तिच्याजवळ पाणी घेऊन गेली. मैनानं पाणी घेतलं नाही.

“मी नाय घेतला,” ती हळू म्हणाली. “पन जीप वाडीवर गेली ना बाई, आता कोन ऐकनार? चोरी कुटंबी होऊं दे, पयली जीप आमच्याकडंच येते. माजी आय तीस वरसं इतं आली. तिला कदी कोनी चोर म्हटला नाय. तेवढाच नाव आमच्याकडं होता.”

मनिषानं तिला विचारलं, दर वर्षी शेल्याला असा वारा देतात का. मैना म्हणाली, नाय, दर वर्षी तो पेटीतून थेट कपाटात जातो, या वर्षी सत्यजीत साहेबांनी नवीन सांगितलं. मग म्हणाली, आज गाठोडं हाताला हलकं लागलं, तसं तिनं साहेबांना तिथेच सांगितलंही होतं. साहेब म्हणाले, जुनं रेशीम सुकतं.

फौजदारबाईंनी सत्यजीतकडे पाहिलं. सत्यजीत म्हणाले की मैना असं काही बोललीच नाही. शिकलेल्या माणसाचं बोलणं एका बाजूला आणि स्टुलावर बसवलेल्या बाईचं दुसऱ्या बाजूला. फौजदारबाईंनी त्यांचं लिहून घेतलं, तिचं नाही.

३

मनिषा माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अहो, जीप येईपर्यंत वेळ आहे. जरा विचारपूस करू.”

मला परेशचा संशय होता. एक तर तो घामेघूम झाला होता, आणि पंखा तर त्याच्या डोक्यावरच होता. दुसरं, बंगल्याच्या जागेवर बिल्डरचा डोळा आहे हे अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे. मी आडपडदा न ठेवता विचारलं. परेशनं कबूल केलं की बिल्डर दोनदा येऊन गेला, आणि दुसऱ्यांदा आपण त्याला चहाही दिला. पण शेला गेला तर बंगला विकणं सोपं होईल की अवघड, हे त्यानं मलाच विचारलं. मी हिशेब मांडला, लोक शेल्यासाठी येतात. शेला गेला की संग्रहालय बंद पडेल, आणि संग्रहालय बंद पडलं की जागा मोकळी. मी म्हणालो, मग तुमचाच फायदा. त्यावर तो पुन्हा घाम पुसायला लागला. मला वाटलं, सापडला.

मनिषाला तसं वाटलं नाही. तिनं वेगळंच विचारलं. वर्षात पेटी कधी कधी उघडते?

परेशनं बोटांवर मोजलं. दसऱ्यानंतर एकदा, प्रदर्शनाला. गुढीपाडव्याला एकदा, कारण त्याच्या आजीनं पाडलेली पद्धत आहे: पाडव्याला शेल्याची घडी बदलायची आणि पदराच्या मागच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक ठिपका लावायचा. आजीमागून तिची मुलगी मालूआत्या लावते. ठिपक्यांची ओळच झाली आहे तिथे. याशिवाय या वर्षी जानेवारीत एकदा उघडली. सत्यजीत पुस्तकासाठी फोटो काढायला शेला मुंबईला घेऊन गेले होते, चार दिवसांनी गाठोडं जसंच्या तसं परत आलं.

“परत आल्यावर उघडून पाहिलंत?” मनिषानं विचारलं.

परेश म्हणाला, कशाला पाहायचं, सत्यजीतनीच नेला होता ना. या घरात शेल्याची पारख त्यांच्याइतकी कुणालाच नाही.

“आणि पाडव्याला? तेव्हा सत्यजीत होते?”

किल्ली लावून ते दर वर्षी फाटकाबाहेर जातात, परेश म्हणाला. शंभर वर्षांच्या रेशमाला कुंकू लावलेलं त्यांना बघवत नाही. आल्याबरोबर त्यांनी ही पद्धत बंद करा म्हणून ट्रस्टला पत्रच दिलं होतं. मालूआत्यानं ते पत्र फाडून चुलीत घातलं. तेव्हापासून पाडव्याच्या दिवशी दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

मी मनिषाला बाजूला घेऊन म्हणालो, बघ, जानेवारीत शेला बाहेर गेला होता. मग सत्यजीतच. ती म्हणाली, पाच मिनिटांपूर्वी तुम्ही परेशला आत टाकत होता. आणि जानेवारीत बदलला असेल तर सिद्ध कसं करणार? काल संध्याकाळी खरा होता म्हणून त्यांची सही आहे. ती सही आहे तोवर मैना सुटत नाही.

बाहेर जीपचा आवाज आला. मी खिडकीतून डोकावलो, पण ती दुसरीच गाडी होती.

४

मालूआत्या वरच्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याऐंशी, दृष्टी अधू, जीभ शाबूत. चोरीची बातमी त्यांना अजून कुणी सांगितली नव्हती. मनिषानं सांगितली. त्या म्हणाल्या की मैनानं घेतला असं म्हणणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा. मी जिन्याकडे बघत राहिलो.

मनिषानं पाडव्याचं विचारलं. या वर्षी शेला हातात घेतलात तेव्हा वेगळा नाही लागला? तुम्ही तर डोळे मिटून ओळखाल.

“हातात घेतला कुठे?” आत्या म्हणाल्या. “होळीला मोरीत पडले. उजव्या हाताला प्लास्टर, पार बोटांच्या टोकांपर्यंत. फक्त अंगठा उघडा होता. मैनानं कुंकवाचा करंडा धरला, परेशनं घडी बदलून पदराचा कोपरा माझ्यापुढे धरला, आणि मी अंगठ्यानंच कुंकू टेकवलं. आई असती तर रागावली असती. कुंकू अनामिकेनंच लावायचं असतं.”

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“मी, परेश, मैना. आणखी कोण होतं तिथे? तो तुमचा विद्वान फाटकाबाहेर उभा होता.”

मनिषा उठली ती थेट खाली. मी मागून विचारत होतो की झालं काय, ती जिन्यात एवढंच म्हणाली, “भिंग मिळवा.”

सत्यजीतच्या गळ्यातलं भिंग मागताना माझा आवाज आपोआप तपासनिसाचा झाला. त्यांनी ते काढून दिलं, अगदी सहज. फौजदारबाईंच्या परवानगीनं कपाट उघडलं. मनिषानं पदराचा कोपरा उलटा केला. कुंकवाच्या ठिपक्यांची ओळ होती, वरवर पाहता सगळे सारखेच. तिनं एका टोकापासून भिंग सरकवायला सुरुवात केली. शेवटच्या ठिपक्यापाशी ती थांबली, आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

बाहेर जीप आली. आता खरोखरच तीच होती.

५

वाडीवर काही सापडलं नव्हतं. शिपायानं येऊन सांगितलं की घरातलं सगळं सामान बाहेर काढून पाहिलं. फौजदारबाई मैनाला ऊठ म्हणाल्या. मैना उठली.

“मॅडम, दहा मिनिटं द्या,” मनिषा म्हणाली. “सत्यजीतसाहेबांना एकच विचारायचंय. काल संध्याकाळी तुम्ही हे कुंकवाचे ठिपके पाहिलेत?”

“एकूण एक,” सत्यजीत म्हणाले. “टिपणात लिहिलंय.”

“शेवटचा कसा होता?”

“बाकीच्यांसारखाच. सगळे अनामिकेचे, सारख्या आकाराचे. या घरची पद्धतच ती आहे.”

परेशनं चमकून वर पाहिलं. मनिषानं भिंग फौजदारबाईंच्या हातात दिलं. बाई वाकल्या. ओळीतले बाकीचे ठिपके पक्क्या रंगाचे होते, कापडात मुरवलेले, सगळ्यांची छटा एकच. शेवटचा तेवढा खऱ्या कुंकवाचा होता. तो रुंद होता आणि त्यात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. मालूआत्यांना परेशनं धरून खाली आणलं होतं. त्यांनी उजवा अंगठा पुढे केला.

मग मनिषानं सगळं उलगडून सांगितलं. ती दुकानात गिऱ्हाईकाला डाग दाखवते त्याच आवाजात, घाई न करता. आत्यांचा हा ठसा पाडव्याचा आहे. दुसऱ्या कुठल्या वर्षी त्यांनी अंगठा वापरलेला नाही. म्हणजे पाडव्याला जे कापड त्यांच्यापुढे धरलं होतं ते हेच, समोरचं. नक्कल आज सकाळी आलेली नाही. ती निदान सहा महिने पेटीत आहे. मग काल संध्याकाळी पेटीतून निघाली ती नक्कलच, आणि ती अस्सल म्हणून सही करणारा माणूस एकच.

सत्यजीत म्हणाले की तसं असेल तर काल त्यांचीही फसगत झाली. चूक माणसाकडून होते.

“होते,” मनिषा म्हणाली. “पण आज सकाळी तुम्ही तीन हातांवर उभे होता. भिंग गळ्यातच होतं, डोळ्याला लावलं नाही. तरी दोन क्षणांत नक्कल ओळखली, कारणंसुद्धा सांगितली. ज्या डोळ्यांना लांबून कळलं त्यांना काल जवळून, भिंगातून कळलं नाही? तुम्ही काल पाहिलंच नाही. पाहायची गरजच नव्हती. पाहिलं असतं तर हा अंगठा तुम्हाला दिसला असता, आणि आत्ता तुम्ही अनामिका म्हणाला नसता.”

ते मनिषाकडे बघत होते, मग त्यांनी नजर जमिनीवर नेली. मी एकतीस वर्षं ही नजर पाहिली आहे.

पुढचं फौजदारबाईंनीच जुळवलं. चार वर्षांत मापं घ्यायला, फोटो काढायला आणि नक्कल विणून घ्यायला भरपूर सवड होती. जानेवारीत अस्सल गेला, नक्कल आली. कुणी ओळखलं नसतं तर बरंच. ओळखलंच तर आदल्या संध्याकाळची सही तयार होती आणि पडवीतली दहा मिनिटं तयार होती. ती कुणाच्या गळ्यात घालायची हेही ठरलेलं होतं, कारण कातकरवाडीच्या बाईबद्दल कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही. मला तर अजिबात लागलं नाही. हे आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत सत्यजीतच्या नवीन पनवेलमधल्या फ्लॅटमध्ये शेला सापडला. गिऱ्हाईक ठरलं होतं, माल अजून द्यायचा होता. मालूआत्यांनी तो डाव्या हातानं चाचपला, उजव्या हातानं चाचपला, आणि हाच म्हणून मान हलवली.

६

परेश मैनासमोर हात जोडून उभा राहिला. झालं गेलं विसर, उद्यापासून नेहमीसारखी ये, असं म्हणाला. ट्रस्टतर्फे तिचा सत्कार करू, असंही म्हणाला. मैनानं सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे निघाली.

“इतं बोलून काय होतंय, शेट?” ती म्हणाली. “इतल्या लोकांना मी कोन ते ठावूकच नाय. जीप तितं गेली होती. तितं येऊन बोला.”

परेश म्हणाला की येतो, दोन दिवसांत सवड काढून नक्की येतो.

“परेश, गाडी काढ,” मालूआत्या म्हणाल्या.

त्यांच्या गुडघ्यांना दोन पायऱ्या जड होत्या, पण त्या मैनाला शेजारी घेऊन गाडीत बसल्या. आम्ही मागून रिक्षानं गेलो. फौजदारबाईंनाही येता का म्हणून परेशनं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आरोपी सुटला की आमचं काम संपतं. वाडीवर पोचलो तेव्हा दिवस बुडत आला होता. मैनाच्या घरातलं सामान अजून अंगणात पडलेलं होतं. डबे उघडे, तांदूळ सांडलेले, गोधड्या मातीत. शेजाऱ्यांनी काही उचललं नव्हतं. ते लांब उभे राहून पाहत होते.

मालूआत्या परेशच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मैनानं काही चोरलेलं नाही, तिच्या आईनंही कधी चोरलं नव्हतं, चोर आमच्याच खुर्चीत बसला होता. मग मी पुढे झालो. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “तिची पिशवी बघा असं पहिल्यांदा मी म्हणालो होतो. माझं चुकलं.” नोकरीत मी एवढ्या लोकांना खाली उतरवलं, हे वाक्य त्यांतल्या एकालाही म्हटलं नव्हतं.

धोंडी नावाचे एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. त्यांनी आमच्या गाडीच्या मागचा रिकामा रस्ता पाहिला.

“तुमी आलेत, बरा झाला,” ते म्हणाले. “जीपवाले कदी येनार, ह्ये सांगाया?”

परेश घड्याळाकडे बघायला लागला. मनिषानं माझ्याकडे पाहिलं. मैना तोवर अंगणात बसून तांदूळ वेचायला लागली होती. मी चपला काढल्या आणि मातीतली गोधडी उचलून झटकायला लागलो.